कोंबडीचे आतडे आणि तिची रोगप्रतिकारशक्ती : सोलापूर परिसरातील कुक्कुटपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा या भागांतील शेडवर गेले की बोलणे बहुतेक वेळा औषधापासून सुरू होते : मरतूक वाढली, कोणते औषध द्यावे? मला मात्र आधी पिल्लांचे पहिले तीन दिवस कसे गेले हे विचारावेसे वाटते, कारण पाचव्या आठवड्यात दिसणाऱ्या पुष्कळ आजारांचे मूळ त्या तीन दिवसांत, आणि तेही पिल्लाच्या आतड्यात, असते. या विषयावर पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

आतडे हे पचनाचे इंद्रिय आहे. त्याचा रोगप्रतिकारशक्तीशी संबंध काय?

कोंबडीच्या शरीराचा बाहेरच्या जगाशी सर्वांत मोठा संपर्क त्वचेतून येत नाही, तो आतड्यातून येतो. आतड्याच्या आतील बाजूस बोटांसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात, त्यांना अंत्रांकुर म्हणतात. आपल्या सोलापुरी टेरी टॉवेलवर जसे धाग्याचे फास उभे असतात आणि त्यामुळेच तो टॉवेल सपाट कापडापेक्षा कितीतरी अधिक पाणी टिपतो, तशीच ही रचना आहे. अन्नरस टिपण्यासाठी हे मोठे क्षेत्रफळ उपयोगी पडते, पण रोगजंतूंसाठीही तेवढेच मोठे दार उघडे राहते. म्हणून या दारावर पहाराही तसाच कडक असतो, आणि शरीरातील प्रतिकारपेशींचा फार मोठा वाटा आतड्याच्या भिंतीत वस्तीला असतो.

माणसात किंवा गाई-म्हशींत असतात तशा लसिकाग्रंथी कोंबडीत नसतात. त्यांचे पुष्कळसे काम आतड्यालगतच्या ऊतींना करावे लागते. लहान आतड्यातील पायर पुंजके, लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी असणाऱ्या दोन अंधांत्रांच्या (एका टोकाला बंद असलेल्या नळ्यांच्या) मुळाशी असलेले टॉन्सिल आणि गुदद्वाराच्या वरच्या बाजूस असणारी बर्सा नावाची पिशवी ही त्यांतील मुख्य ठाणी होत. या ठाण्यांवरील पेशींना मित्र कोण आणि शत्रू कोण याची ओळख जन्मतः पूर्ण झालेली नसते. ती ओळख आतड्यातील जिवाणूंच्या सहवासातच पटत जाते. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या पिल्लांच्या आतड्याची भिंत पातळ राहते, तिच्यात प्रतिकारपेशी कमी आढळतात आणि आयजीए नावाची प्रतिपिंडे (रोगजंतूंना अडवणारी प्रथिने) उशिरा व कमी प्रमाणात तयार होतात.

पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याच्या आतड्यात जिवाणू असतात का?

जवळजवळ नसतातच. मात्र त्यानंतरचा वेग थक्क करणारा असतो. ब्रॉयलर पिल्लू एक दिवसाचे होईपर्यंत त्याच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात एक ग्रॅम अन्नरसामागे सुमारे १० कोटी, तर अंधांत्रांत सुमारे १,००० कोटी जिवाणू झालेले असतात. तिसऱ्या दिवशी दोन्ही ठिकाणी हा आकडा त्याच्या दहापट होतो आणि पुढे फारसा वाढत नाही. म्हणजे किती जिवाणू राहणार याचा निकाल तीन दिवसांत लागतो, कोणते राहणार हे मात्र पुढील काही आठवडे ठरत राहते. सुरुवातीला ई. कोलायच्या कुळातील जिवाणू पुढे असतात, मग लॅक्टोबॅसिलस लहान आतड्यात जम बसवतात आणि अंधांत्रांत हवेशिवाय जगणारे, तंतुमय पदार्थ आंबवणारे जिवाणू स्थिरावतात.

याच काळात प्रतिकारयंत्रणेचीही बांधणी चाललेली असते. आतड्यातील प्रतिकारपेशींची पहिली लाट पहिल्या आठवड्यात आणि दुसरी दुसऱ्या आठवड्यात परिपक्व होते. तोवर पिल्लाला आईकडून बलकातून मिळालेल्या प्रतिपिंडांवर भागवावे लागते, आणि हा साठा दोन ते तीन आठवड्यांत संपत येतो.

म्हणून पिल्लाच्या तोंडात पहिल्यांदा काय जाते हा आमच्या व्यवसायातला अतिशय मोठा प्रश्न आहे. हॅचरीत जन्मलेल्या पिल्लाने आई पाहिलेलीच नसते. त्याला जे जिवाणू मिळतात ते हॅचरीच्या ट्रेमधून, वाहतुकीच्या खोक्यातून, शेडमध्ये अंथरलेल्या तुसातून, पाण्यातून आणि हाताळणाऱ्या माणसाच्या हातांतून.

लांबून पिल्ले येतात, रात्रभर गाडीत असतात. त्याने काही बिघडते का?

बिघडते. अंड्यातून बाहेर आल्यावर खाद्य-पाणी मिळण्यास दोन-तीन दिवस उशीर झाला तर वजन तर मागे राहतेच, शिवाय आतड्यातील प्रतिकारऊतींची वाढही रेंगाळते, असे प्रयोगांत स्पष्ट दिसले आहे. बलकाचा साठा असतो, पिल्लू तग धरते, हे म्हणणे जगण्यापुरते खरे आहे. घडणीसाठी त्याला आतड्यात अन्न हवे.

पिल्ले उतरवल्यावर एक साधी परीक्षा करावी. चार-पाच ठिकाणची पिल्ले हातात घेऊन गळ्याच्या खालच्या बाजूस असलेली खाद्यपिशवी दोन बोटांनी अलगद चाचपावी. ती भरलेली आणि भिजलेल्या कण्यांसारखी मऊ लागली तर पिल्लाने खाद्यही खाल्ले आहे आणि पाणीही प्यायले आहे. कडक लागली तर पाणी मिळालेले नाही, रिकामी लागली तर त्याला भांडे सापडलेलेच नाही. दोन तासांनी शंभरातील निदान ७५ पिल्लांची आणि चोवीस तासांनी ९५ हून अधिक पिल्लांची पिशवी भरलेली असावी. ही परीक्षा रात्री दोन वाजता करावी लागली तरी करावी. दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या परीक्षेला तिची सर येत नाही.

खुडूक कोंबडीखाली निघालेली गावरान पिल्ले अधिक काटक का असतात?

वाणाचा काटकपणा हे त्याचे एक कारण आहेच. दुसरे कारण असे की अशा पिल्लांना आईचे जिवाणू पहिल्या दिवसापासून मिळतात. आई जेथे पाय ओढते, चोच मारते, शिटते, तेथेच पिल्ले टिपत असतात, आणि आपल्या नजरेला अस्वच्छ वाटणारे ते टिपणे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जुळलेला वारसा असतो. पिल्लांना प्रौढ कोंबडीच्या सहवासात केवळ एक दिवस ठेवले तरी त्यांच्या अंधांत्रांतील जिवाणूंचे स्वरूप प्रौढ पक्ष्याच्या जवळ जाते.

या गोष्टीला शास्त्रीय पाया फिनलंडमध्ये मिळाला. तेथे १९७१ साली ब्रॉयलर पक्ष्यांत साल्मोनेला इन्फंटिस या जिवाणूचा मोठा प्रादुर्भाव झाला होता. नुर्मी आणि रांताला या शास्त्रज्ञांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव्य नवजात पिल्लांना पाजले, तेव्हा ती पिल्ले साल्मोनेलाला पुष्कळच पुरून उरली. हे संशोधन १९७३ साली प्रसिद्ध झाले. जागा आधीच चांगल्या जिवाणूंनी व्यापली की वाईटाला शिरकाव मिळत नाही, हा त्यामागचा विचार आहे.

हे वाचून कोणी जुन्या शेडमधली विष्ठा किंवा वापरलेला तूस नव्या पिल्लांखाली पसरू नये, ही कळकळीची विनंती. त्यातून चांगल्या जिवाणूंबरोबर कॉक्सिडिया हे आतड्यातील परजीवी, साल्मोनेला, गंबोरो रोगाचा विषाणू आणि मरेक हा विषाणूजन्य रोगही येतात. प्रयोगातील द्रव्य तपासलेल्या पक्ष्यांचे होते.

बर्सा म्हणजे नेमके काय, आणि जिवाणूंशी तिचा संबंध कसा?

इटलीतील पादुआ येथील शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिसियस यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पिशवी पुढे तीन शतकांहून अधिक काळ निरुपयोगीच समजली जात होती. १९५६ साली ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ती काढून टाकलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडे नीट तयार होत नाहीत. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना आज जगभर बी पेशी म्हणतात, त्यातला बी हा बर्सावरूनच आला आहे. माणसाच्या प्रतिकारशास्त्रातला एक मूलभूत शोध कोंबडीमुळे लागला, याचा आपल्या व्यवसायाला अभिमान वाटायला हवा.

शवविच्छेदन करताना गुदद्वाराच्या वरच्या अंगास, पाठीच्या बाजूला, तीन-चार आठवड्यांच्या पक्ष्यात बोराएवढी फिकट पिवळसर गाठ दिसते, ती बर्सा. चिरल्यावर आत पानासारख्या घड्या दिसतात. ही पिशवी एका छोट्या नळीने आतड्याच्या शेवटच्या भागाशी जोडलेली असते, आणि गुदद्वारापाशी लागलेले सूक्ष्म कणही आत शोषले जाऊन तिच्यापर्यंत पोहोचतात. म्हणजे पिल्लू ज्या तुसावर बसते त्या तुसातील जिवाणू केवळ तोंडावाटे नव्हे, तर या मार्गानेही बर्सात जातात, आणि तेथील पेशींना रोजचा पाठ मिळतो. पिल्लू जन्मण्यापूर्वीच ही नळी बांधून टाकली, तर जन्मानंतर बर्सातील बी पेशींची वाढ खुंटते. मला या विषयातली ही सर्वांत बोलकी गोष्ट वाटते.

गंबोरो एवढा घातक का, हेही यावरून समजेल. तो विषाणू नेमका बर्सावर घाला घालतो, विशेषतः तीन ते सहा आठवड्यांच्या वयात. त्यातून वाचलेला पक्षी वरवर बरा दिसला तरी त्याची प्रतिपिंडे बनवण्याची क्षमता लंगडी होते, आणि मग राणीखेत अर्थात मानमोडीची लस दिलेली असूनही ती नीट लागत नाही.

चांगले जिवाणू प्रत्यक्षात करतात तरी काय?

पहिले काम जागा अडवण्याचे, ते वर आलेच आहे. त्याबरोबर लॅक्टोबॅसिलस लॅक्टिक आम्ल तयार करून वातावरण आंबट ठेवतात, जे साल्मोनेला आणि ई. कोलायला मानवत नाही.

दुसरे काम अधिक सूक्ष्म आहे. अंधांत्रांतील जिवाणू तंतुमय पदार्थ आंबवतात तेव्हा ब्युटिरेट नावाचे छोटे आम्ल तयार होते. आतड्याच्या अस्तरातील पेशी त्याचा इंधन म्हणून उपयोग करतात. पेशी-पेशींमधील सांधे त्याने घट्ट राहतात, जेणेकरून आतड्यातील विषारी द्रव्ये रक्तात झिरपत नाहीत. आणि कोंबडीच्या पेशी जंतुनाशक प्रथिनांचे छोटे तुकडे, ज्यांना डिफेन्सिन म्हणतात, ते अधिक प्रमाणात बनवू लागतात. प्रतिकारयंत्रणा विनाकारण भडकू नये यासाठीही ब्युटिरेट मदत करते. हा मुद्दा पालकांच्या खिशाशी थेट जोडलेला आहे, कारण सतत सुजलेले आतडे खाद्यातील ऊर्जा मांस वाढवण्याऐवजी लढाईत खर्च करते, पक्षी मरत नाही, पण एफसीआर (एक किलो वजनवाढीसाठी लागणाऱ्या खाद्याचे प्रमाण) बिघडतो.

तिसरे काम शिकवणीचे. जिवाणूंच्या शेपटातील प्रथिने, त्यांच्या भिंतीचे तुकडे, त्यांचा डीएनए हे सारे कोंबडीच्या पेशींवरील ग्राहक (ओळख पटवणारी प्रथिने) ओळखतात. त्या सततच्या हलक्या चाहुलीने श्लेष्म्याचा थर जाड होतो, आयजीए प्रतिपिंडे आतड्यात आणि पित्तातून पाझरत राहतात आणि यंत्रणा सज्ज राहते. या सज्जतेचा लाभ आतड्यापुरता राहत नाही : प्रतिजैविके देऊन ज्या कोंबड्यांच्या आतड्यातील जिवाणू कमी केले गेले, त्यांच्या शरीरातून एच९एन२ या इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचे उत्सर्जन अधिक झाल्याचे प्रयोगांत आढळले आहे.

पिल्ले आली की पहिले तीन-चार दिवस प्रतिजैविक देण्याची पद्धत आहे. ती बरोबर आहे का?

आजार नसताना सरसकट देणे मला चुकीचे वाटते, आणि हे मत मी सौम्य करणार नाही. ज्या तीन दिवसांत जिवाणूंची वस्ती बसायची, त्याच तीन दिवसांत आपण ती उखडतो, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पहिल्यांदा येतात ते बहुधा औषधाला न जुमानणारे जिवाणू. नाळ सुजलेली, बेंबी ओली, मरतूक वाढती अशी स्थिती असेल तर पशुवैद्यकाकडून तपासणी करून, शक्य असल्यास जिवाणूंची औषधसंवेदनशीलता पाहून, ठरलेल्या मात्रेत व ठरलेल्या दिवसांपुरतेच औषध द्यावे.

कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत आणि कोंबड्यांत वापरण्यास भारत सरकारने २०१९ साली बंदी घातली आहे, कारण माणसाच्या गंभीर संसर्गात शेवटचा उपाय म्हणून ते राखून ठेवावे लागते. जुन्या सवयीने कोणी ते सुचवले तर स्पष्ट नकार द्यावा.

बोअरचे पाणी आणि क्लोरीन यांचा आतड्यावर काय परिणाम होतो?

आपल्याकडील बहुतेक शेड बोअरवर चालतात, आणि हे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते, त्याचा सामूही (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) वरच्या बाजूला असतो. सामू ८ च्या पुढे गेला की क्लोरीनची जंतू मारण्याची ताकद बरीच घटते. पालक क्लोरीन टाकतो, वास येतो, समाधान होते, पण जंतू तसेच राहतात. अशा ठिकाणी आधी पाण्याची तपासणी करून, गरज असल्यास सेंद्रिय आम्लाने सामू उतरवून मगच क्लोरीन वापरावे, आणि त्याची पातळी टाकीत न मोजता शेवटच्या निपलपाशी (पक्षी पाणी पितात त्या तोटीपाशी) मोजावी. पाइपच्या आत बोट फिरवून पाहावे : बुळबुळीत थर हाताला लागला तर तीच जंतूंची नर्सरी आहे, आणि प्रत्येक बॅचनंतर ती धुऊन काढावी लागते.

पाण्यातून जिवंत लस किंवा प्रोबायोटिक (चांगल्या जिवाणूंची पुडी) द्यायचे असेल तेव्हा मात्र क्लोरीन नको. लसीच्या निदान एक दिवस आधी ते बंद करावे, लसीच्या पाण्यात साय काढलेल्या दुधाची भुकटी लिटरला सुमारे २.५ ग्रॅम मिसळावी आणि ते पाणी दोन तासांच्या आत संपेल असे पाहावे. एका शेडवर मी स्वतः ही खबरदारी तोंडी सांगून निघून गेलो होतो. टाकीवरच्या मुलापर्यंत ती पोहोचलीच नाही आणि गंबोरोची अख्खी लस क्लोरीनच्या पाण्यात वाया गेली. तेव्हापासून मी लसीच्या आदल्या संध्याकाळी स्वतः फोन करतो.

उन्हाळ्यात मरतूक होते ती उष्णतेने; त्यात आतड्याचा काय दोष?

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा ४२ अंशांच्या वर जातो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, ती धापा टाकून उष्णता बाहेर टाकते आणि शरीर रक्ताचा ओघ आतड्याकडून त्वचेकडे वळवते. रक्त कमी पडले की आतड्याच्या अस्तराचे सांधे सैल होतात, जिवाणूंची विषारी द्रव्ये रक्तात उतरतात. ताणामुळे कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि बर्सा आक्रसते. त्याच वेळी खाद्य कमी जाते, म्हणून जिवाणूंचे संतुलनही हलते. दुपारी उष्माघाताने जे पक्षी जातात ते आपल्याला दिसतात. आठ-दहा दिवसांनी ई. कोलायने जे जातात, त्यांचा संबंध त्या दुपारशी आपण जोडत नाही.

छपरावरील काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीतले तापलेले पाणी कोंबडी पीत नाही. टाकीला सावली करणे, तिला ओले गोणपाट गुंडाळणे आणि पाइप जमिनीखालून नेणे हे कोणत्याही पुडीपेक्षा मोलाचे आहे. भर दुपारी खाद्य काढून घ्यावे, पहाटे गारव्यात द्यावे.

बाजारातील कोणते प्रोबायोटिक घ्यावे?

पुडीवर जिवाणूचे पूर्ण नाव, प्रति ग्रॅम संख्या आणि मुदत छापलेली नसेल तर घेऊ नये. गोळीच्या रूपातील (पेलेट) खाद्यात मिसळायचे असेल तर बॅसिलस सबटिलिससारखे बीजाणू बनवणारे जिवाणू निवडावेत, कारण गोळी बनवतानाच्या उष्णतेत ते टिकतात. लॅक्टोबॅसिलस बहुधा टिकत नाहीत, ते पाण्यातून द्यावेत. पहिल्या दिवसापासून दिल्यास उपयोग अधिक, आणि प्रतिजैविकाबरोबर दिल्यास पैसे वाया. यीस्टच्या भिंतीपासून मिळणारे घटक साल्मोनेला व ई. कोलायला चिकटवून बाहेर काढण्यास मदत करतात. शेडमधला ओलावा तसाच ठेवून यांतील काहीही दिले तरी फरक पडणार नाही.

घरचे ताक पाजले तर चालते का?

थोडे, ताजे आणि पातळ ताक परसातल्या कोंबड्यांना अधूनमधून दिल्यास हरकत नाही. कोंबडीला दुधातील साखर नीट पचत नाही, म्हणून जास्त झाल्यास शीट पातळ होते. ताकातील जिवाणू कोंबडीच्या आतड्यात कायमचे घर करत नाहीत, आणि ताक लसीची जागा घेऊ शकत नाही.

ज्वारी, पेंड आणि मासळीची भुकटी यांबाबत काय काळजी घ्यावी?

मालदांडीसारख्या पांढऱ्या ज्वारीत टॅनिन कमी असते, त्यामुळे मक्याच्या काही भागाऐवजी ती खाद्याच्या सूत्रात बसवता येते. खरी भीती बुरशीची आहे. पावसात भिजलेला मका आणि जुनी शेंगदाणा पेंड यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष असू शकते, आणि ते यकृताबरोबर बर्सा व थायमस या प्रतिकारग्रंथींनाही मारक ठरते. निकृष्ट मासळीच्या भुकटीतील न पचलेली प्रथिने आतड्याच्या खालच्या भागात पोहोचली की क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या आतडे सडवणाऱ्या जिवाणूला मेजवानी मिळते.

आतड्यातील संतुलन बिघडले आहे हे कसे ओळखावे?

सकाळी शेडमध्ये शिरताच खाली पाहावे. नेहमीची शीट घट्ट असते व तिच्यावर पांढरी टोपी असते. तिच्याखेरीज दिवसातून काही वेळा अंधांत्रांतून वेगळी शीट येते. ती गडद तपकिरी, चकचकीत आणि मलमासारखी असते, आणि नवखे पालक तिलाच हगवण समजतात. ती तशीच असेल तर उलट समाधान मानावे. ती पिवळट आणि फेसाळ झाली, किंवा नेहमीच्या शिटेत न पचलेले दाणे व नारिंगी श्लेष्मा दिसू लागला, तर बिघाड सुरू झाला आहे. तूस मुठीत दाबावा : मूठ उघडल्यावर तो सुटा झाला तर ठीक, लाडू तसाच राहिला तर ओलावा फार आहे आणि कॉक्सिडियाला पोषक आहे. कॉक्सिडियाने जखमी झालेल्या आतड्यावरच पुढे क्लोस्ट्रिडियम बसते.

ताज्या मेलेल्या पक्ष्याचे आतडे पशुवैद्यकाकडून उघडून घ्यावे आणि आपणही शेजारी उभे राहून पाहावे. निरोगी आतडे चिरले की त्याच्या कडा आपोआप आत वळतात. बिघडलेले आतडे फुग्यासारखे पातळ असते, चिरल्यावर सपाट पडून राहते, बोट लावले तर फाटते. क्लोस्ट्रिडियमने सडलेल्या आतड्याच्या आतल्या बाजूस तपकिरी-पिवळी खरखरीत साय धरलेली दिसते. पशुवैद्यकाच्या पुस्तकांत तिला टर्किश टॉवेलची उपमा दिलेली असते. टॉवेलच्या या गावात ती उपमा समजावून सांगावी लागत नाही. एकदा एका पालकाने त्या सायीवरून बोट फिरवले, काही क्षण गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मागच्या बॅचलाबी असंच होतं, डॉक्टर. आम्ही उघडूनच पाहिलं नव्हतं."